बेसिनमध्ये ओतलेलं औषध

बावीस वर्षं मी बाईंच्या हातात औषधं दिली, आणि त्यांचं घर कितव्या मजल्यावर होतं हे मला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांना एक धाकटी बहीण आहे, हेसुद्धा ती पेशंट म्हणून दाखल झाली तेव्हा कळलं. त्यामुळे माझी त्यांची ओळख होती असं म्हणायला मी कचरतो. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, पॅसेजच्या टोकाला, माझं औषधांचं स्टोअर होतं. त्याला एक खिडकी होती. त्या पलीकडे उभ्या राहायच्या, मी अलीकडे. मागणीची चिठ्ठी आत, औषधं बाहेर. बोलणं झालंच तर कालची सलाईनची बाटली गळकी निघाली, एवढंच.

लिहिण्याचा मला सराव नाही. चूक होईल या भीतीने साधं अभिनंदनाचं पत्रही मी दुसऱ्याकडून लिहून घेत आलो. पण या गोष्टीतलं काही बोलणं माझ्याच खोलीत झालं, आणि तेव्हा तिथे आम्ही तिघंच होतो. वरच्या मजल्यांवर जे घडलं ते इतरांकडून ऐकलेलं आहे, त्यात थोडं तिखटमीठ असणारच.

बाई तिसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या रिकव्हरीच्या मुख्य नर्स होत्या. लांबट खोली, आठ खाटा, एका बाजूला दुधी काचेच्या खिडक्या. ऑपरेशन झालेला पेशंट थिएटरमधून इथे यायचा आणि संध्याकाळपर्यंत इथेच असायचा. स्टाफमध्ये सगळे त्यांना करवतबाई म्हणत. आवाजामुळे. पाठीमागेच म्हणत, पण त्यांना ते ठाऊक होतं, कारण एकदा त्यांनी खिडकीतून मला विचारलं होतं, करवतीला धार लावायचं काही आहे का तुमच्याकडे? मी गडबडून नाही म्हणालो. घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की तो विनोद होता.

दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटला त्या जे बोलायच्या ते ऐकवत नसे. हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक ट्रकवाला कण्हायला लागला, तर त्याला म्हणाल्या, एवढ्या मिशा ठेवल्यास त्या काय उशी झाडायला? सिझेरियन झालेल्या पहिलटकरणीला म्हणाल्या, नऊ महिने कौतुक करून घेतलंस, आता नऊ तास कळ काढवत नाही? शेजारच्या खाटांवरचे पेशंट हसायचे. दुखण्यापेक्षा ते हसणंच लागलं, असं त्या मुलीच्या आईने मला औषधाची चिठ्ठी देताना सांगितलं होतं. एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या खाटेभोवती त्यांनी पडदा ओढला आणि रडायचं तर तोंड मिटून रडा असं बजावलं.

त्याच बाईंच्या खोलीत बावीस वर्षांत एकाही पेशंटच्या पाठीला जखम झाली नाही, की एकाचं रक्त दुसऱ्याला चढलं नाही. हेही लिहायला हवं.

आता औषधाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कमरेखालच्या ऑपरेशनला आमच्याकडे पाठीत इंजेक्शन देत. मणक्यांमधून बारीक सुई घालून बधिर करणारं औषध सोडायचं, की पेशंटचे पाय लाकडासारखे होतात. ते दोन-तीन तास पुरतं. त्यातच मॉर्फिन मिसळायचं, अगदी थेंबातला थेंब. त्याने काही बधिर होत नाही, पण बधिरपणा उतरल्यावर जी कळ उठते ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दबून राहते. मॉर्फिनची अँप्यूल, म्हणजे काचेची छोटी कुपी, माझ्या कुलपाच्या कपाटातून जायची. थिएटरचा टेक्निशियन ती फोडून मोठ्या सिरिंजमध्ये सलाईन घालून पातळ करायचा, भुलीचे डॉक्टर त्यातून छोट्या सिरिंजने जरासं घ्यायचे आणि पाठीत द्यायचे. बाकीचं, म्हणजे जवळजवळ अख्खी अँप्यूल, वाया.

हे औषध पाठीत गेलं की दिवसभर त्या पेशंटला दुसरं कुठलंही जोरदार दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं नाही, असा नियम होता. दोन्ही मिळून गुंगी वाढते आणि श्वास मंदावतो. बाईंच्या सुरुवातीच्या वर्षांत कुणीतरी दया येऊन एका म्हाताऱ्याला वरून इंजेक्शन दिलं होतं. बाई जेवून परत आल्या तर त्याचे ओठ निळे पडलेले. तो गेला. तेव्हापासून कागदावर मॉर्फिन लिहिलेलं असलं, की पेशंटने आभाळ डोक्यावर घेतलं तरी बाई साधी तापाची गोळी द्यायच्या, बाकी काही नाही.

शिवाय त्या औषधाने खाज सुटते. विशेष करून नाकाला. दहातले सहा-सात पेशंट रिकव्हरीत पडल्या पडल्या नाकाचा शेंडा चोळत असायचे. डॉक्टर म्हणायचे की औषधाचा गुण आहे, चालायचंच. बाईंना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं, तळघरातला लाँड्रीवाला चादरींना बदाबदा सोडा घालतो आणि धड खळबळत नाही, त्याची ही खाज. डॉक्टर लोक एरवी स्वतःच्या औषधाचा दोष दुसऱ्या कशावरही ढकलतात, पण इथे उलट, लाँड्रीवाल्याचं पाप अंगावर घेतायत, असं त्या म्हणायच्या. नाकाची खाज चादरीने कशी सुटेल, असं एका नवख्या नर्सने विचारलं. पेशंट चादर नाकापर्यंत ओढून घेतो ते दिसत नाही का तुला, म्हणून बाईंनी तिला गप्प केलं.

थिएटरचा टेक्निशियन उंच, थोडा वाकून चालणारा होता. त्याला लंबू म्हणत. हॉस्पिटलच्या मागे स्टाफच्या खोल्या होत्या, तिथे माझ्या डोक्यावरची खोली त्याची. त्याचे वडील त्याच्याकडे होते. त्यांच्या हाडांत कॅन्सर पसरला होता. पहिले काही महिने मला छतातून त्यांचा आवाज यायचा. ओरडणं नव्हे, एकच सूर, भांडं घासताना निघतो तसा. मग तो थांबला. त्या सुमारास लंबू माझ्याकडे अगदी बारीक सुया मागायला लागला. थिएटरला एवढ्या लागत नाहीत हे मला कळत होतं. एकदा जिन्यात त्याच्या खिशात टोपण लावलेली सिरिंज दिसली. तो म्हणाला, उरलेलं असतं, फेकूनच देतात. मी सुया देत राहिलो.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी रिकव्हरीतल्या एका नर्सने थिएटरच्या ट्रेमधून पाण्यासारखं दिसणारं काहीतरी भरलेली सिरिंज उचलली. सलाईन समजून ती पेशंटच्या शिरेत सोडणार, तेवढ्यात बाईंनी तिचं मनगट धरलं. ते उरलेलं मॉर्फिन होतं. पेशंट जागच्या जागी गेला असता. बाईंनी तिथल्या तिथे नियम केला: उरलेलं औषध ट्रेमध्ये राहणार नाही. पेशंटची पाठ पुसून होते न होते तोच टेक्निशियनने ती सिरिंज बाईंसमोर बेसिनमध्ये रिकामी करायची, आणि दोघांनी सही करायची. नियम बरोबर होता. आजही मला त्यात खोट दिसत नाही.

त्या दिवसापासून बाई रोज, प्रत्येक ऑपरेशनला, थिएटरच्या बेसिनपाशी उभ्या राहायच्या. लंबू सिरिंजचा दांडा दाबायचा, पाण्यासारखं औषध पाण्यात जायचं, त्या वरून नळ सोडायच्या आणि सही करायच्या. त्याला टोमणेही मारायच्या. हात का थरथरतो रे, तुझ्या घरचं ओततोयस का? लंबू हसायचा म्हणे.

मला वाटलं होतं, आता वरून आवाज सुरू होईल. मी रात्री पडल्या पडल्या वाट पाहिली. झाला नाही. लंबू सुया मागत राहिला, मी देत राहिलो. याचा अर्थ लावणं कठीण नव्हतं. मी तो लावला नाही.

त्याच महिन्यात बाईंनी लाँड्रीवाल्याला गाठलं. स्वतः तळघरात उतरून सोडा निम्म्यावर आणला, चादरी साध्या पाण्यातून दोनदा काढायला लावल्या. आणि रिकव्हरीतली खाज थांबली. एकही पेशंट नाक चोळेना. बाईंचा आनंद गगनात मावेना. मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या मालकांच्या, फेरीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की एवढी वर्षं मी ओरडत होते, आता घ्या. भुलीच्या डॉक्टरांनी हात जोडले आणि म्हणाले, सिस्टर, पुढचं ऑपरेशन लाँड्रीवाल्यालाच करू दे. सगळे हसले. मला चिठ्ठी देतानाही त्यांनी ते सांगितलं. इतक्या वर्षांत त्या मला आपणहून काही सांगायला थांबल्या ती ही पहिलीच वेळ.

खाज गेली आणि रिकव्हरीत ओरडणं वाढलं. दुपारी दोनच्या सुमाराला, बधिरपणा उतरला की. भुलीचे डॉक्टर तोवर दुसऱ्या हॉस्पिटलला गेलेले असायचे. बाई कागद बघायच्या. मॉर्फिन दिलं, उरलेलं टाकलं, खाली स्वतःची सही. मग कसलं दुखणं? हल्लीच्या लोकांना सोसवतच नाही, असं त्यांचं ठरलं, आणि जीभ आणखी चालायला लागली. एकाचे हात त्यांनी खाटेच्या कडेला बांधले, टाके ओढायला लागला म्हणून. संध्याकाळी कागदावर लिहायच्या: पेशंट शांत. तो खरंच शांत झालेला असायचा. ओरडून ओरडून घसा बसला की माणूस शांत होतो.

अशात त्यांची धाकटी बहीण दाखल झाली. गर्भाशय काढायचं होतं. तेव्हा कळलं की आई गेल्यावर या बहिणीला बाईंनीच वाढवलं, तिच्यासाठी स्वतः लग्न केलं नाही, आणि सुट्टीच्या दिवशी त्या जायच्या ते हिच्या घरी. जवळचं असं दुसरं कुणी त्यांना नव्हतंच. बहीण बोलकी, हसरी होती. तपासणीच्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, आमची ताई तुम्हाला पण ओरडते का हो? मी म्हटलं, नाही, मी खिडकीच्या आत असतो. ती खूप हसली.

ऑपरेशन सकाळी झालं. बाईंनी बेसिनपाशी उभं राहून नेहमीसारखी सही केली. दुपारी बहिणीचा बधिरपणा उतरला. पुढचं मला त्या वेळी तिथे असलेल्या नर्सने सांगितलं. बहीण आधी हळू आवाजात म्हणाली, ताई, काहीतरी दे. बाई म्हणाल्या, दिलंय. मग ती पुन्हा म्हणाली. मग मोठ्याने. सगळी खोली बघत होती, आणि एरवी ज्यांच्यावर हसायला लावलं जायचं ते पेशंट आता करवतबाईंच्या बहिणीकडे बघत होते. बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. दाबून. आणि म्हणाल्या, "माझ्या खोलीत तमाशा करायचा नाही. शंभर बायका बघितल्यात मी. तुझ्यासारखी ढोंगी एक नाही."

त्या नर्सने दुसरं इंजेक्शन देऊ का विचारलं. बाईंनी तिला बाहेर काढलं. बहिणीच्या बाबतीत त्या आणखीच घाबरल्या असणार. निळे ओठ एकदा बघितलेले होते. पण हे मी आता म्हणतो. तेव्हा तिथे कुणाला असं काही वाटलं नाही.

बहीण चार दिवसांनी घरी गेली. तिने बाईंना कळवलं की सुट्टीला येऊ नकोस. बाई तरी एकदा गेल्या. दार उघडलं नाही. आतून रेडिओचा आवाज येत होता, तो मोठा करण्यात आला.

बाई पूर्वीसारख्याच कामावर यायच्या. सुट्टीच्या दिवशीही यायला लागल्या, एवढाच फरक. दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायच्या. कुणी बहिणीचं विचारलं तर म्हणायच्या, लाडावलेली आहे, येईल ताळ्यावर. तीन महिने ती आली नाही.

मग लंबूचे वडील वारले. लंबूने आठ दिवसांची रजा घेतली. बदली माणूस मिळाला नाही म्हणून भुलीचे डॉक्टर स्वतःच अँप्यूल फोडून औषध पातळ करायला लागले. पहिल्याच दिवशी रिकव्हरीत तीन पेशंट होते, आणि तिघंही नाक चोळत होते. दुपार झाली तरी कुणी ओरडलं नाही. एक जण तर घोरत होता.

बाई तरातरा तळघरात गेल्या. लाँड्रीवाल्याला त्या इतकं घालूनपाडून बोलल्या म्हणतात की इस्त्रीवाल्या बायका काम थांबवून बघत राहिल्या. पुन्हा सोडा वाढवलास ना, मी महिनाभर खाली आले नाही एवढ्यात? लाँड्रीवाला साधा माणूस. त्याने मोजायचा डबा दाखवला, निम्म्यावर त्यांनीच खिळ्याने पाडलेली खूण दाखवली. मग म्हणाला, "सिस्टर, नाक तर त्या तिघांचंच खाजतंय ना? चादरी तर सगळ्या हॉस्पिटलला याच जातात."

बाई तिथून सरळ माझ्याकडे आल्या. खिडकीशी नाही, दार ढकलून आत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मॉर्फिनची पेटी मागितली. कंपनी बदलली का, विचारलं. मी म्हटलं, नाही, तीच पेटी, अर्धी गेल्या महिन्यात संपली, अर्धी आता चाललीय. त्या पेटी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या,

"लंबूचे वडील कशाने गेले?"

मी सांगितलं.

"दुखत असेल त्यांना."

मी म्हटलं, आधी फार दुखायचं. नंतर नाही.

"नंतर नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला खाली बघावं लागलं. कापसाच्या खोक्यावर त्या बसल्या. रागावतील, ओरडतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. किती महिने, रोज किती पेशंट. मग मोजणं सोडून दिलं.

लंबू कामावर आला त्या सकाळी बाई माझ्या स्टोअरमध्ये आधीच येऊन थांबल्या होत्या. तो अँप्यूल न्यायला आला. त्याचा चेहरा उतरलेला होता, दाढी वाढलेली. बाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं की बेसिनमध्ये मी दहा महिने काय ओतून घेत होते.

त्याने टाळलं नाही. "साधं सलाईन," तो म्हणाला. "अँप्यूल मी आधीच दुसऱ्या सिरिंजमध्ये ओढून घ्यायचो. डॉक्टरांना सलाईन भरून द्यायचो. पाठीत तेच जायचं."

बाई म्हणाल्या, माणसं ओरडत होती रे.

"ऐकायचो की. मी भिंतीपलीकडेच असायचो." मग तो म्हणाला, "सिस्टर, त्याच्याआधी दोन वर्षं मी फक्त उरलेलं नेत होतो. ट्रेमध्ये पडलेलं. कुणाच्या अंगातलं काढत नव्हतो. पेशंट झोपायचे, माझा बाप झोपायचा. ते उरलेलं तुम्ही बेसिनमध्ये ओतायला लावलंत. मग मी काय करायचं होतं? तुम्हीच सांगा, तुमचा बाप असता तर?"

बाई कापसाच्या खोक्यावर बसल्या.

"आणि मी आपला घाबरत होतो," लंबू म्हणाला, "की तुम्हाला कळणार. तुमच्यासारखी बाई, चादरीची सुरकुती दिसते तुम्हाला. रोज वाटायचं, आज विचारतील, हे सगळे का ओरडतायत? तर तुम्ही त्यांनाच गप्प करायचात. माझं काम तुम्हीच केलंत."

हे तो खुनशीपणाने बोलला नाही. थकलेला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, सुया यांनी दिल्या, ते पण विचारा. बाई माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांना ते आधीच कळलेलं होतं. "माझ्या बहिणीला?" एवढंच त्यांनी त्याला विचारलं.

"त्या दिवशी वडिलांना फार दुखत होतं," तो म्हणाला.

त्या दुपारी बाई मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. लंबूने काय केलं ते सांगितलं, मी काय केलं तेही सांगितलं असणार. स्वतःचंही सांगितलं. आणि मागणी अशी केली की त्या दहा महिन्यांतल्या पेशंटना बोलावून खरं काय ते सांगावं. मोठे डॉक्टर भले गृहस्थ समजले जायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बेसिनचं रजिस्टर मागवलं आणि प्रत्येक पानावरची बाईंची सही त्यांना दाखवली. म्हणाले, औषध टाकलेलं तुम्ही डोळ्यांनी बघितलंय असं इथे लिहिलंय. हे बाहेर गेलं तर आधी कुणाला विचारतील? आणि पेशंटचं म्हणाल तर, "त्यांचं दुखणं कधीच संपलंय, सिस्टर. आता सांगून कुणाचं कमी होणार आहे?"

हे मला त्यांच्या केबिनबाहेर बसणाऱ्या शिपायाने सांगितलं. बाई त्यावर काय म्हणाल्या ते त्याला ऐकू आलं नाही. दार उघडून बाहेर आल्या तेव्हा त्यांची टोपी हातात होती, एवढं तो म्हणाला.

लंबूने आठवड्याभरात राजीनामा दिला. त्याला चांगल्या वागणुकीचं पत्र मिळालं, कारण वाईट पत्र दिलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. त्याला दुसऱ्या, आमच्यापेक्षा मोठ्या हॉस्पिटलात काम मिळालं. माझ्याकडून फक्त कपाटाची दुसरी किल्ली काढून घेतली. बाईंना महिनाअखेर निवृत्त व्हायला सांगितलं, तीन वर्षं शिल्लक असताना. शिस्त फार कडक आहे, पेशंटच्या तक्रारी आहेत, असं कारण दिलं. तक्रारी खऱ्या होत्या. सगळ्या त्या दहा महिन्यांतल्या.

निरोप समारंभ झाला नाही. रिकव्हरीतल्या पोरींनी मिळून एक घड्याळ आणलं होतं, पण ते कुणी द्यायचं यावर वाद झाला आणि ते माझ्याच स्टोअरमध्ये पडून राहिलं.

त्या शेवटच्या आठवड्यात बाई बहिणीकडे गेल्या. हे मात्र त्यांनी मला स्वतः सांगितलं, चिठ्ठी पुढे करता करता, माझ्याकडे न बघता. मी विचारलं नव्हतं. बहिणीने या वेळी दार उघडलं होतं, साखळी न काढता. बाईंनी त्या फटीतूनच सगळं सांगितलं: औषध तुला मिळालंच नव्हतं, तू खरं बोलत होतीस, सगळी चूक माझी. बहिणीने पूर्ण ऐकून घेतलं.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं. असं विचारायची माझी पद्धत नाही, पण निघून गेलं तोंडातून.

बाईंनी बहिणीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "'मला दुखत होतं हे मला तेव्हाच माहीत होतं, ताई. तुला कागद चुकीचा निघाला तेव्हा पटलं. म्हणजे कागद बरोबर असता, तर मी अजून ढोंगीच असते.'"

मग दार लागलं. त्या दाराशी किती वेळ उभ्या राहिल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांना पट्ट्यांची दोन बंडलं दिली. त्यांनी ती मोजून घेतली.

शेवटच्या दिवशी पाळी संपल्यावर त्या खाली आल्या. युनिफॉर्म बदलून साध्या कपड्यांत होत्या. मी त्यांना पहिल्या नजरेत ओळखलंच नाही. रिकव्हरीच्या कपाटाच्या किल्ल्या त्यांनी खिडकीतून आत सरकवल्या. मी पोच लिहून दिली. काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं. मी सुया दिल्या, मला माहीत होतं, हे निदान एकदा माझ्या तोंडून त्यांना सांगावं. घड्याळ तरी द्यावं. मी पेनाचं टोपण लावत राहिलो.

त्या चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"या पॅसेजमधला बल्ब गेलाय," त्या म्हणाल्या.

"हो, परवापासून. सांगतो कुणाला तरी."

"आजच सांगा."

"हो, आजच सांगतो," मी म्हणालो.